बुडालेल्या खाणी आणि त्यांतील पाण्याचा हिशेब

१

खाण बंद झाल्याची नोंद दप्तरात झाली की तिचा इतिहास संपला, असे मानण्याचा प्रघात आहे. खनिज किती निघाले, मजूर किती होते, स्वामित्वशुल्क किती भरले गेले, ह्या रकान्यांत त्या दिवसानंतर भरावयाचे असे काही उरत नाही. परंतु भूगर्भाच्या दृष्टीने पाहता त्या दिवशी एक प्रकरण संपून दुसरे सुरू होते. खाण चालू असेपर्यंत अहोरात्र पंप चालवून भूजलाची पातळी खाली धरलेली असते. पंप थांबताच ती पातळी आपल्या मूळ जागेकडे परतू लागते; मात्र ज्या वाटेने ती परतते ती वाट आता पूर्वीची राहिलेली नसते. अखंड खडकाच्या जागी पोकळ्या, बोगदे, ढासळलेली छते आणि हवेच्या संपर्काने बदललेली खनिजे ह्यांतून पाण्याला वर यावे लागते. हे पाणी किती दिवसांत, कोणत्या उंचीपर्यंत, कोणत्या मुखाने आणि कोणते गुणधर्म घेऊन बाहेर पडेल, हा प्रश्न गेल्या काही दशकांत गणिती प्रतिमानांच्या साहाय्याने सोडविला जाऊ लागला आहे.

प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय ती गणिते नव्हेत. त्या गणितांना लागणारी सामग्री आपल्याकडे कशी निर्माण झाली, किंवा का झाली नाही, ह्याचा इतिहास येथे पाहावयाचा आहे. त्यासाठी तीन स्थळे घेतली आहेत: ठाणे-मुंबईच्या साष्टी बेटाच्या उत्तर टोकाचा मीरा-भाईंदर परिसर, विदर्भ व त्याला लागून असलेले पेंच-कन्हानचे खोरे, आणि गोमंतक. पहिल्या ठिकाणी केवळ दगडाच्या खदानी आहेत, दुसऱ्या ठिकाणी खाणी मुख्यतः जमिनीखाली गेल्या, तर तिसऱ्या ठिकाणी त्या उघड्यावर खोदल्या गेल्या. पाण्याचा स्वभाव तिन्ही ठिकाणी भिन्न आहे आणि म्हणूनच त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

प्रारंभी शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मराठीत ‘बंद खाण’ हा एकच प्रयोग तीन वेगळ्या अवस्थांसाठी केला जातो: काम तात्पुरते थांबलेली खाण, खनिज संपल्यामुळे अथवा परवडेनासे झाल्यामुळे सोडून दिलेली खाण, आणि शासनाच्या वा न्यायालयाच्या आदेशाने थांबविलेली खाण. नित्याच्या व्यवहारात ह्या संदिग्धतेने फारसे बिघडत नाही. पाण्याच्या हिशेबात मात्र बिघडते. पहिल्या अवस्थेत पंप बहुधा चालू असतो, दुसरीत तो काढून नेलेला असतो आणि तिसरीत तो नेमका केव्हा थांबला हे शोधून काढावे लागते. उत्खननाची अखेर आणि उपशाची अखेर ह्या दोन भिन्न तारखा होत. प्रतिमानाला दुसरी तारीख हवी असते. दप्तरात सापडते ती बहुधा पहिली. म्हणून ज्या खाणीतील उपसा थांबून पाणी भरले आहे वा भरत आहे, तिला येथे ‘बुडालेली खाण’ असे म्हटले आहे.

२

मीरा-भाईंदर परिसरात कोळशाची वा धातूची खाण नाही. साष्टीचा पाया दख्खनच्या ज्वालामुखीजन्य काळ्या पाषाणाचा आहे. पश्चिमेस गोराई, मनोरी, उत्तन, डोंगरी ह्या भागांत फिकट रंगाचे, अधिक सिलिका असलेले खडकही आढळतात. ह्या परिसरात जे खणले गेले ते बांधकामाच्या दगडासाठी. दगडाच्या अशा जागेला लोकभाषेत ‘खदान’ म्हणतात, तर ‘खाण’ हा शब्द खोल खनिजाच्या कामाकडे अधिक झुकतो. हा भेद पाण्याच्या दृष्टीनेही उपयोगी आहे. सोडलेल्या खदानीतील पाणी सर्वांना दिसते. सोडलेल्या कोळसाखाणीतील पाणी कोणालाच दिसत नाही.

खदानीचा हिशेब तुलनेने सोपा आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी सहसा मुरत नाही. ते भेगांतून, सांध्यांतून आणि वरच्या झिजलेल्या थरांतून फिरते. त्यामुळे अशा पाषाणातील खदान ही बव्हंशी एक वाटीच असते. पडलेला पाऊस, आजूबाजूच्या उतारावरून वाहून आलेले पाणी व भेगांतून झिरपून आलेले पाणी ही जमेची बाजू. बाष्पीभवन, उपसा व झिरपून गेलेले पाणी ही खर्चाची बाजू. दोहोंतील अंतर म्हणजे पातळीतील फरक. साष्टीत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात; तेव्हा एका वर्षाच्या मासिक नोंदी आणि खदानीचे मापलेले आकारमान एवढ्यावर तिचे साधे प्रतिमान उभे राहू शकते.

ह्या परिसरातील खरी अडचण खाऱ्या पाण्याची आहे. उत्तरेस वसईची खाडी आणि पश्चिमेस समुद्र असल्यामुळे येथील सखल भागात गोडे भूजल हे खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थरासारखे असते. हॉलंडमधील बाडोन घायबेन ह्याने १८८९ मध्ये आणि जर्मनीतील हेर्त्झबेर्ग ह्याने १९०१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले की, दोन्ही पाण्यांच्या घनतेतील फरकामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक मीटर असल्यास खाली त्याची खोली सुमारे चाळीस मीटर असू शकते. ह्याचा व्यावहारिक अर्थ उलट दिशेने अधिक बोचतो: वरची पातळी उपशाने एक मीटर खाली आणली, तर खालून खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू पाहते. हा नियम वाळूच्या एकजिनसी थराला लागू पडतो तसा भेगाळ पाषाणाला काटेकोरपणे लागू पडत नाही. परंतु किनाऱ्याजवळ खोल उपसा का जपून करावा, हे तो पुरेसे स्पष्ट करतो. समुद्राचे पाणी किती सहज आत शिरेल ह्याचे सहा घटकांवरून मापन करणारी ‘गाल्डिट’ नावाची पद्धत गोवा विद्यापीठातील चाचडी आणि पोर्तुगालचे लोबो-फेरेरा ह्यांनी ह्या शतकाच्या आरंभी मांडली व गोव्याच्या बार्देश किनाऱ्यावर ती वापरून पाहिली. अशा पद्धती कोकणच्या सर्वच किनाऱ्याला उपयुक्त आहेत.

ह्या परिसराच्या जमिनीच्या कागदपत्रांत खाऱ्या पाण्याची दखल फार पूर्वीच घेतलेली आढळते. १८७० मध्ये सरकारने मीरे, भाईंदर व घोडबंदर ह्या गावांच्या जमिनींसंबंधी रामचंद्र लक्ष्मणजी ह्यांना दीर्घ मुदतीचा पट्टा करून दिला. समुद्राचे पाणी शेतांत शिरू नये म्हणून बांध घालणे व राखणे हा त्या व्यवहाराचा एक प्रमुख हेतू होता. ह्या पट्ट्यातून पुढे उद्भवलेले मालकीहक्काचे वाद येथे प्रस्तुत नाहीत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, एकोणिसाव्या शतकातील महसुली व्यवहारात पाण्याविषयीचे कर्तव्य जमिनीच्या हक्काशी जोडलेले होते. बांध फुटला तर नुकसान कोणाचे व दुरुस्ती कोणी करावयाची, हा प्रश्न कागदावर आला होता. कारण भरतीचे पाणी शेतात शिरलेले डोळ्यांना दिसत होते. त्याच काळात विदर्भात उघडलेल्या कोळसाखाणींच्या बाबतीत, खाण सोडल्यानंतरच्या पाण्याविषयी असे कर्तव्य कोणावर होते, हे पाहू गेल्यास चित्र अगदी वेगळे दिसते.

३

वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या पद्धतशीर उत्खननाचा आरंभ वरोरा येथील सरकारी खाणीने झाला. १८७० च्या दशकात ही खाण चालू झाली, वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला, आणि १९०६ मध्ये ती बंद करण्यात आली. त्यानंतर बल्लारपूरचे काम पुढे आले. नागपूरच्या उत्तरेस कामठी कोळसाक्षेत्र आणि त्यापलीकडे छिंदवाडा जिल्ह्यात पेंच व कन्हान नद्यांची खोरी, असा हा पट्टा पुढे पसरत जातो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत छिंदवाडा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, आणि त्या वेळी त्यात मोडणाऱ्या सौसर व पांढुर्णा भागांत मराठी आजही घरोघरी बोलली जाते.

ह्या खाणींत कोळसा काढण्याची रूढ पद्धत ‘कोठ्या आणि खांब’ ही होती. थरातून आडवे-उभे बोगदे खणावयाचे, मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून ठेवावयाचे आणि शेवटी परतताना ते खांबही काढून घेऊन छत कोसळू द्यावयाचे. कोसळलेल्या ह्या भागाला खाणकामगार ‘गोफ’ म्हणतात. हा शब्द इंग्रजी अमदानीत आला व खाणीच्या बोलीत रुजला. छत कोसळले की वरच्या थरांत भेगा पडतात. नागपूर भागात कोळशाच्या थरांच्या वर बहुधा कामठी वालुकाश्म असतो, आणि हा दगड पाणी चांगले धरून ठेवतो. तेव्हा गोफ तयार होणे म्हणजे वरच्या जलधराला खालच्या पोकळीची वाट उघडून देणे होय. खाण सोडल्यावर ह्या पोकळ्या भरतात, आणि शेजारच्या चालू खाणीच्या दृष्टीने तो एक न दिसणारा तलाव होऊन बसतो.

हा तलाव किती दाब निर्माण करतो हे सोप्या अंकगणिताने कळते. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भार येतो. जुन्या कामात साठ मीटर उंचीचे पाणी असेल, तर मधल्या कोळशाच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साठ टन भार पडतो. भिंत किती जाड आहे हे नकाशावरून ठरते, आणि नकाशा चुकीचा असेल तर भिंतीची जाडी केवळ कागदावरच राहते.

ह्या प्रदेशातील अपघातांच्या नोंदी ह्या दृष्टीने वाचल्या पाहिजेत. १० डिसेंबर १९५४ रोजी परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ कामगार मरण पावले. ५ जानेवारी १९६० रोजी त्याच जिल्ह्यातील दमुआ येथे पाण्याने १६ जणांचे प्राण घेतले. नोव्हेंबर १९७५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील सिलेवारा खाणीत पाणी शिरून १० कामगार दगावले. त्यानंतर लवकरच, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबादजवळच्या चासनाला येथे वरच्या जुन्या कामांत साठलेले पाणी खाली कोसळले व ३७५ माणसे बुडाली. २ फेब्रुवारी २००१ रोजी बागडिगी येथे शेजारच्या सोडलेल्या जयरामपूर खाणीचे पाणी मधली भिंत फोडून आत आले. त्यात २९ जण गेले. चासनाला व बागडिगी येथे तर बुडालेल्या जुन्या कामांनीच चालू कामांवर घाला घातला.

अशा दुर्घटनांत नकाशाचे स्थान कोणते, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातील क्वेक्रीक खाणीच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते. जुलै २००२ मध्ये तेथील कामगार खणत असता अकस्मात शेजारच्या सॅक्समन ह्या दीर्घकाळ सोडलेल्या खाणीत त्यांचा बोगदा घुसला. त्यांच्याजवळच्या नकाशाप्रमाणे ती खाण अजून दूर होती. तिच्या अखेरच्या कामाचा अंतिम नकाशा त्यांना उपलब्ध नव्हता. अडकलेले नऊही कामगार तीन दिवसांहून अधिक काळ झालेल्या प्रयत्नांनंतर सुखरूप बाहेर आले. सुदैवाने टळलेल्या ह्या अनर्थाचे मूळ पाण्यात नव्हते. ते चाळीस वर्षांपूर्वी एका दप्तरात राहून गेलेल्या उणिवेत होते.

भारतातील कायद्याने ही उणीव ओळखलेली दिसते. १९५२ च्या खाण अधिनियमाखाली १९५७ मध्ये झालेल्या कोळसाखाण विनियमांत जुन्या कामांतील पाण्याविषयी स्वतंत्र तरतूद होती. जी जुनी कामे तपासून पाणीमुक्त असल्याची खात्री झालेली नसेल, त्यांच्यापासून ६० मीटरांच्या आत पूर्वपरवानगीवाचून काम नेता येत नव्हते. आणि परवानगी मिळाल्यावरही कामाच्या पुढे किमान तीन मीटर अंतर राखून छिद्रे पाडीत जावे लागे. खाण सोडताना अद्ययावत नकाशा मुख्य निरीक्षकांकडे देणेही मालकावर बंधनकारक केले होते. ह्या नियमांचा आशय असा की, जुन्या कामाचे स्थान ठाऊक नसेल तर त्याच्या जवळ जाऊ नये. परंतु नियम पुढच्यांना लागू होतो. १९०६ मध्ये सोडलेल्या खाणीकडून १९५७ च्या नियमाप्रमाणे नकाशा मागता येत नाही. राष्ट्रीयीकरणाने १९७३ मध्ये बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणी शासनाकडे आल्या व १९७५ मध्ये नागपुरास मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी स्थापन झाली, तेव्हा खाणींबरोबर जुन्या, अर्धवट नोंदींचा वारसाही तिच्याकडे आला असणार, हे उघड आहे.

४

बुडालेल्या खाणीच्या गणिती प्रतिमानाचा विकास पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, आणि तोही संकटाच्या निमित्ताने. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथील व्हील जेन ह्या कथलाच्या खाणीतील पंप १९९१ मध्ये थांबले. जानेवारी १९९२ मध्ये आम्लयुक्त, लोखंड व जस्ताने भरलेले पाणी एका जुन्या बोगद्यातून एकाएकी बाहेर पडून नदीमार्गे फालच्या खाडीपर्यंत गेले, आणि पाण्याचा रंग दूरवर तांबूस-पिवळा झाला. अमेरिकेतील माँटाना राज्यातील बर्कले हा तांब्याचा प्रचंड खंदकही १९८२ मध्ये पंप थांबल्यावर भरू लागला व त्यातील आम्ल पाणी पुढे जगभर चर्चेचा विषय झाले. इंग्लंडच्या कोळसाक्षेत्रांत एकामागून एक खाणी बंद होत होत्या. त्यांचे पाणी केव्हा व कोठे वर येईल हे आधी सांगण्याची निकड त्यातून निर्माण झाली.

नेहमीचे भूजलशास्त्र येथे थेट लावता येईना. दार्सी ह्या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडलेला नियम वाळूसारख्या सच्छिद्र माध्यमातील संथ प्रवाहाचा आहे. बोगद्यातून पाणी वाहते तेव्हा ते खळाळते, आणि तेथे तो नियम लागू राहत नाही. न्यूकॅसल विद्यापीठात पॉल यंगर व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९० च्या दशकात ह्यावर एक साधी पण फलदायी कल्पना वापरली. खाणीतील एकमेकांना मोकळेपणाने जोडलेल्या कामांचा प्रत्येक गट हा एक हौद समजावयाचा. हौदात पातळी सर्वत्र सारखी असते. दोन हौदांच्या मध्ये न खणलेली भिंत असते, पण कोठेतरी एखादा जोडबोगदा किंवा जुने छिद्र असते. ती झाली सांडव्याची पातळी. एक हौद त्या पातळीपर्यंत भरला की पाणी दुसऱ्यात ओसंडते. ह्या साखळीच्या टोकाला जमिनीवर सर्वांत सखल जे मुख असेल, तेथून पाणी शेवटी बाहेर येते. पुढे ह्या हौदांना बोगद्यांच्या नळ्यांचे जाळे व सभोवारच्या खडकाचे त्रिमितीय गणित जोडून अधिक सूक्ष्म प्रतिमाने तयार झाली.

ह्याचे स्वरूप एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका खाणीतील पोकळी बारा लक्ष घनमीटर आहे आणि पंप थांबला तेव्हा रोज दोन हजार घनमीटर पाणी उपसावे लागत होते, असे समजू. साध्या भागाकाराने ती ६०० दिवसांत भरेल. पण खाणीतील पातळी जसजशी वर येते तसतसा बाहेरच्या भूजलाशी असलेला तिचा फरक कमी होतो आणि आत येणाऱ्या पाण्याचा वेग मंदावतो. म्हणून आरंभी झपाट्याने चढणारी पातळी शेवटी रेंगाळते. दुसरे असे की, कोसळलेल्या गोफमध्ये मूळ पोकळीचा काही अंशच रिकामा राहतो. त्या अंशाचा अंदाज चुकला तर भरण्याचा काळही त्याच प्रमाणात चुकतो. तिसरे, सांडव्याची उंची पाच मीटरांनी चुकली तर पाणी वेगळ्याच गावच्या ओढ्यात बाहेर येऊ शकते. ह्या तीन राशींपैकी पहिली काही महिन्यांच्या मोजणीने दुरुस्त करता येते. उरलेल्या दोन केवळ जुन्या नकाशावरूनच मिळतात.

पाण्याच्या गुणवत्तेचे गणित ह्याहून नाजूक आहे. कोळशात व अनेक धातुकांत पायराइट हे लोह आणि गंधक ह्यांचे खनिज असते. खाण चालू असताना हवा आत खेळते, पायराइटचे भस्मीकरण होते आणि भिंतींवर आम्लधर्मी क्षारांचे पुट साचते. खाण बुडाली की हे सर्व क्षार एकदम विरघळतात. सामू घसरतो, लोखंड व सल्फेट वाढतात. मात्र बुडालेल्या भागाला हवा मिळत नसल्यामुळे नवी क्रिया बव्हंशी थांबते, आणि पाणी हळूहळू सुधारू लागते. ब्रिटिश खाणींच्या नोंदींवरून यंगर ह्यांनी असे ढोबळ अनुमान काढले की, खाण भरण्यास जितका काळ लागला त्याच्या सुमारे चौपट काळ हा पहिला कडक लोट टिकतो. वरच्या उदाहरणातील खाण दोन वर्षांत भरली असे धरले, तर सुमारे आठ वर्षे तिच्या पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. शिवाय उभ्या विवरांत पाण्याचे थर पडतात: वर हलके, तुलनेने स्वच्छ, खाली जड व क्षारयुक्त. पृष्ठभागावरून घेतलेला नमुना म्हणूनच फसवा असतो. भाईंदरच्या खाडीकाठी गोड्या पाण्याखाली खारे पाणी दबा धरून असते, त्याचाच हा दुसरा प्रकार होय. दोन्हीकडे वरचे पाणी चांगले आहे म्हणून जोरात उपसा केला की खालचे वर येते.

मध्य भारतातील गोंडवन कोळशात गंधकाचे प्रमाण आसामच्या कोळशाच्या मानाने कमी असल्यामुळे येथील खाणींचे पाणी व्हील जेनइतके आम्ल होण्याचा संभव कमी आहे. येथे काळजी असते ती जडपणाची, सल्फेटाची व विरघळलेल्या क्षारांची. ह्या कारणानेच खाणीच्या पाण्याचा उपयोगही शक्य झाला आहे. नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगी येथे खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ ह्या नावाने बाटल्यांत भरण्याचा उपक्रम वेस्टर्न कोलफील्ड्सने हाती घेतला. ज्या पाण्याने कामठी क्षेत्रातील कामगारांचे प्राण घेतले, त्याच जातीचे पाणी त्याच क्षेत्रात पेयजल ठरावे, ह्यात विसंगती नाही. पाणी ठाऊक असणे आणि नसणे एवढाच तो फरक आहे.

५

गोमंतकातील प्रश्न ह्याहून वेगळा आहे. तेथील लोहखनिज डिचोली, सत्तरी, सांगे ह्या भागांत आढळते. वर जांभा, त्याखाली कठीण खनिज आणि त्याखाली भुकटीसारखे मऊ खनिज, असा सामान्यतः थरांचा क्रम असतो. हे भुकटीसारखे खनिजच पाणी धरणारा महत्त्वाचा थर होय. वरचे कठीण खनिज संपल्यावर उत्खनन ह्या थरात उतरले, तेव्हा खनिज काढणे आणि जलधर उपसणे ही दोन कामे एकच झाली. काही खंदकांचे तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेले. लईराईच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगावातील विहिरी आटल्या, तो ह्याच प्रक्रियेचा परिणाम. येथे ‘खंदक’ हा फारसीतून आलेला, मुळात किल्ल्याभोवतीच्या चराचा शब्द खाणीच्या खड्ड्यासाठी रूढ झाला आहे.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य शासनाने आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. २१ एप्रिल २०१४ च्या निर्णयाने ते मर्यादित स्वरूपात पुन्हा शक्य झाले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले व मार्च २०१८ पासून काम पुन्हा थांबले. २०२२ पासून लिलाव होऊन पुढे काही ठिकाणी उत्खनन परत सुरू झाले. म्हणजे एका दशकात एकेका खंदकाने भरणे, उपसणे आणि पुन्हा भरणे ह्या अवस्था पाहिल्या. खनिज संपल्यामुळे ह्यांतील कोणतीही अवस्था आली नव्हती. म्हणून ‘सोडलेली खाण’ हे वर्णन ह्या खंदकांना लागू पडत नाही, पण बुडालेली खाण हे वर्णन पडते.

ह्या काळात खंदकांतील पाण्याचे दुहेरी रूप प्रकट झाले. पावसाळ्यात काठ फुटून पाणी व गाळ खालच्या वस्तीत येईल ही धास्ती, तर कडक उन्हाळ्यात हेच पाणी उपसून नदीत सोडून पाणीपुरवठ्याला आधार देण्याची सोय. गोव्याच्या जलसंपदा खात्याने डिचोली भागातील खंदकांचे पाणी अशा प्रकारे वापरले. प्रतिमानाच्या दृष्टीने गोव्याचा खंदक हा मीरा-भाईंदरची खदान आणि चिखलीची भूमिगत खाण ह्यांच्या मधला आहे. त्याचा आकार खदानीप्रमाणे मोजता येतो, पण त्याचा तळ कोरड्या वाटीसारखा नसून जिवंत जलधराला मिळालेला असतो. खंदकातील पाणी उपसले तर भोवतालच्या विहिरी पुन्हा खाली जातात. न उपसले तर त्या सावरतात, मात्र काठावरचा दाब वाढतो. ह्या दोहोंचा तोल कोठे साधावा, हे खंदकातील पातळी आणि विहिरींतील पातळी एकाच तारखेला मोजलेली असल्यासच सांगता येते.

६

ह्या सर्व विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते. बुडालेल्या खाणीचे प्रतिमान हे जितके गणिताचे तितकेच दप्तराचे काम आहे. अखेरचा नकाशा, उपसा थांबल्याची तारीख, त्या वेळचा उपशाचा दर, जोडबोगद्यांच्या उंच्या, त्यानंतरच्या पातळीच्या नोंदी आणि निरनिराळ्या खोलींवरील पाण्याचे नमुने, एवढी सामग्री असेल तर सामान्य गणितही उपयोगी अंदाज देते. ती नसेल तर उत्कृष्ट संगणकही केवळ गृहीतांची पुनरावृत्ती करतो.

शासकीय नियमांची दिशा उशिरा का होईना तिकडे वळली आहे. २००३ मध्ये खनिजांच्या खाणींसाठी आणि ऑगस्ट २००९ मध्ये कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी कोळसाखाणींसाठी ‘खाण बंद करण्याची योजना’ आवश्यक झाली. खाण सोडण्यापूर्वी जमीन व पाणी ह्यांची व्यवस्था काय, हे आता लिहून द्यावे लागते. १८७० च्या पट्ट्यात भाईंदरच्या बांधाविषयी जे कर्तव्य कागदावर आले होते, त्या जातीचे कर्तव्य खाणीच्या कागदावर येण्यास सुमारे एकशेचाळीस वर्षे लागली. खाडीचे पाणी दिसत होते आणि खाणीचे दिसत नव्हते, हेच ह्या विलंबाचे मुख्य कारण मानावे लागते.

नव्या नियमांच्या पूर्वी सोडलेल्या खाणींचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. वर्धा, कामठी व पेंच खोऱ्यांत अशा खाणींच्या शेजारी आजही कामे चालू आहेत. जुने भूसर्वेक्षण अहवाल, रेल्वेची व महसुलाची दप्तरे, न्यायालयीन चौकशांचे अहवाल, निवृत्त सर्वेक्षकांच्या व कामगारांच्या आठवणी, आणि ज्या बोलीत त्यांनी त्या जागांना नावे दिली ती बोली, ही सर्व त्या हरवलेल्या नकाशाची साधने होत. त्यांचा संग्रह करणे हे काम भूजलशास्त्रज्ञाला एकट्याने जमण्यासारखे नाही. इतिहास व भाषा ह्या विषयांच्या अभ्यासकांनी ते अंगावर घ्यावे, असे त्याचे स्वरूप आहे. कारण ह्या नोंदी वाचता येणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि जमिनीखालचे पाणी त्यांच्यासाठी थांबलेले नाही.